किल्ली कोणाच्या हाती?

महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्यांना आमच्या गुजरातेविषयी दोन गोष्टींचे मोठे कुतूहल असते. एक, येथल्या आमटीत साखर खरोखरच पडते काय. आणि दुसरे, येथे दारूबंदी खरोखरच आहे काय. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमच्या गृहिणी पानात वाढूनच देतात. दुसऱ्याचे उत्तर देताना मात्र आम्हां बडोदेकरांची पंचाईत होते. 'आहे' म्हणावे तर पाहुणे डोळे मिचकावतात. 'नाही' म्हणावे तर ते कायद्याला धरून होत नाही. मग सगळेच थोडेसे हसतात, आणि कोणीतरी पावसापाण्याची गोष्ट काढतो.

हे हसणे आणि हा विषय बदलणे वरवर निरुपद्रवी दिसते. पण आमचे सारे नोकरीचे आयुष्य नंदेसरीच्या रस्त्यावर गेले, आणि त्या रस्त्याने आम्हांस असे शिकविले की, या विषयावरील मौन जितके माणसांना महाग पडते, तितके त्यावरील बोलणे कधीच पडत नाही.

बडोद्याहून अहमदाबादकडे निघाले म्हणजे छाणी आणि रणोली मागे टाकल्यावर नंदेसरी येते. पुढे थोड्याच अंतरावर मही नदी आणि तिच्यापलीकडे वासद. नंदेसरीचे नाव बाहेरच्या जगाला ठाऊक आहे ते तेथील औद्योगिक वसाहतीमुळे. रसायनांचे लहानमोठे कारखाने तेथे दाटीने उभे आहेत. दांडिया बाजार, रावपुरा, प्रतापनगर या भागांतील किती मराठी घरांची चूल त्या कारखान्यांच्या पगारावर पेटली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पण सकाळच्या पाळीची बस पकडण्यासाठी डबा हातात घेऊन धावणारी माणसे आमच्या पिढीच्या प्रत्येक वाचकाने पाहिली असतील. आम्ही त्यांतलेच एक. तेथल्या एका कारखान्यात आमच्याकडे रवानगी विभाग होता. माल मोजून टँकरमध्ये भरावयाचा, कागद तपासावयाचे, आणि गाडी फाटकाबाहेर सोडावयाची, हे आमचे काम.

रसायनाचा टँकर म्हणजे दुधाची गाडी नव्हे. त्याच्या पाठीवर आत कोणता माल आहे, गळती झाली किंवा आग लागली तर काय करावे, कोणाला कळवावे, हे फलकावर लिहिलेले असावे लागते. चालकाला नेहमीच्या परवान्याखेरीज अशा मालाची ने-आण करण्याचे वेगळे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. हे सारे केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. आमच्या कारखान्याने त्यात स्वतःचा एक नियम घातला होता: गाडी भरण्यापूर्वी चालकाने फाटकावर यंत्रात फुंकावयाचे.

या यंत्राविषयी दोन शब्द लिहावेसे वाटतात. प्यालेली दारू पोटातून रक्तात जाते, आणि रक्त फुप्फुसांत आले म्हणजे तिचा काही अंश श्वासावाटे बाहेर पडतो. साधारणपणे एकवीसशे भाग श्वासात जितका मद्यार्क असतो तितका एक भाग रक्तात असतो, असे धरून श्वासावरून रक्ताचा अंदाज काढता येतो. अमेरिकेत रॉबर्ट बोर्कनस्टाइन यांनी १९५४ मध्ये असे सुटसुटीत यंत्र तयार केले. त्या काळच्या उपकरणांत आम्हां रसायनवाल्यांचा जुना मित्र पोटॅशियम डायक्रोमेट असे. मद्यार्काची गाठ पडली म्हणजे त्याचा नारिंगी रंग हिरवा होतो. आताची यंत्रे विजेच्या सूक्ष्म प्रवाहावरून आकडा दाखवितात. पण मूळ तत्त्व तेच. तोंडात नुकतेच काही मद्यार्कयुक्त औषध गेले असेल तर आकडा फुगतो, म्हणून पाऊण घटका थांबून पुन्हा फुंकावयाला सांगतात.

आमच्या फाटकावर आकडा आला तर काय होई? आरडाओरडा होत नसे. टँकर बाजूला उभा राही. किल्ली पहारेकऱ्याच्या खोलीतील खुंटीवर जाई. चालक विश्रांतिगृहात झोपे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यंत्रात फुंकून, आकडा शून्य आला तरच गाडी भरली जाई. तो कोठे प्याला, कोणी दिली, हा तपास पोलिसांचा. फाटकावर आम्हांस एकच प्रश्न पडे, की ही गाडी आत्ता या माणसाच्या हाती द्यावी की नाही. वर्षानुवर्षे हे पाहिल्यानंतर आमच्या ध्यानात आले की, दारू आणि वाहन यांच्या बाबतीत प्रश्न मुळात दोन आहेत. पोटात काय गेले, हा एक. आणि हातात काय आहे, हा दुसरा. फाटकावर आम्ही दुसरा प्रश्न आधी विचारीत असू. घरोघरी मात्र पहिल्याच प्रश्नाशी सारे अडून राहते.

कायद्याच्या इतिहासातही हे दोन प्रश्न असेच एकमेकांत गुंतलेले दिसतात. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ सालचा. त्याच वर्षी १ मे रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, म्हणून तो आपल्याही शहराला लागू झाला. १९६० मध्ये राज्य विभागले गेले आणि एकाच कायद्याची दोन घरे झाली. महाराष्ट्राने पुढे बंधने सैल करून परवान्याची पद्धत राखली. गुजरातने बंदी कायम ठेवली. २०११ मध्ये आमच्याकडील कायद्याच्या नावातून 'मुंबई' गेली आणि 'गुजरात' आले, इतकेच.

या कायद्याच्या आरंभीच्या काळातील एक खटला आठवणीत ठेवण्यासारखा आहे. १९५१ च्या मे महिन्यात एका रात्री मुंबईत कुलाब्याच्या बाजूस एका जीपने तिघांना धडक दिली. जीप चालविणारे गृहस्थ, बेहराम पेसिकाका, हे त्या वेळी मुंबईच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाचे काम पाहणारे अधिकारी होते. त्यांच्या तोंडाला दारूचा वास येत होता, असे सरकारचे म्हणणे. आपण मद्यार्क असलेले औषधी टॉनिक घेतले होते, असे त्यांचे. उच्च न्यायालयाने त्यांना दारूबंदी कायद्याखाली दोषी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये तो निकाल फिरवून त्यांना निर्दोष सोडले. कारण असे की, औषधी द्रव्यांवरील बंदीचा भाग न्यायालयाने बालसारा खटल्यात १९५१ मध्येच रद्द केला होता. तेव्हा पोटात गेलेले द्रव्य औषध नसून निषिद्ध दारूच होती, हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर होता. निकाल कायद्याच्या दृष्टीने योग्यच. पण पाहा, देशाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत वाद पोहोचला तो पोटात काय गेले याचा. रस्त्यावर पडलेली तीन माणसे त्या वादाच्या कडेलाच राहिली.

पुढे १९५९ मध्ये दारूबंदी कायद्यात दुरुस्ती होऊन रक्ततपासणीची रीत आणि तिचा आकडा आला. रक्तात शंभर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम किंवा अधिक मद्यार्क सापडला, तर आपण घेतलेले द्रव्य औषध होते हे दाखविण्याचा भार आरोपीवर येऊ लागला. मोटारींचा कायदा वेगळ्या वाटेने चालला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमात आरंभी रक्तातील 'कितीही अल्प' मद्यार्क पुरेसा होता. १९९४ च्या दुरुस्तीने तेथे शंभर मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली. म्हणजे आज गुजरातेत एकाच रक्ताला दोन मापे लागतात. एक विचारते, 'प्यालास काय?' दुसरे विचारते, 'पिऊन चालविलेस काय?' पुण्यामुंबईच्या पाहुण्याला वाटते की ३० च्या खाली राहिलो म्हणजे सुटलो. त्याने हे ध्यानात ठेवावे की मोटार कायद्याने सोडले तरी येथे विनापरवाना पिणे हाच मुळी गुन्हा आहे, आणि गाडीच्या डिकीत सापडलेली बाटली हा आणखी वेगळा.

रस्त्यावरील तपासणीची रीतही प्रत्येक वाहनधारकाला ठाऊक असावी. वाजवी संशय आल्यास गणवेशातील पोलीस श्वासाचा नमुना मागू शकतो. अटक झाल्यास दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते. न झाल्यास त्या माणसाला सोडावे लागते. नमुना देण्यास वाजवी कारणाशिवाय नकार दिला, तर तो नकार न्यायालयात त्याच्याच विरुद्ध जाऊ शकतो. शिक्षेचे म्हणाल तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. हा दंड पूर्वी दोन हजारांपर्यंत होता. १ सप्टेंबर २०१९ पासून तो दहा हजार झाला, आणि पुन्हा सापडल्यास कैद दोन वर्षांपर्यंत, किंवा दंड पंधरा हजार, किंवा दोन्ही. त्याच सुमारास गुजरात सरकारने शिरस्त्राण वगैरेंचे दंड कमी केले, तेव्हा पुष्कळांना वाटले की हाही कमी झाला. तसे नाही. हे प्रकरण रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही. ते न्यायालयातच जाते.

आमच्या नंदेसरीकरांसाठी याहून महत्त्वाचा एक हिशेब आहे. निरोगी माणसाचे यकृत तासाला साधारण दहा ते पंधरा मिलिग्रॅम इतकेच मद्यार्काचे प्रमाण उतरविते. काळा चहा, लिंबू, थंड पाण्याची अंघोळ यांनी त्यात काडीचा फरक पडत नाही. मध्यरात्री बारा वाजता ज्याच्या रक्तात १२० मिलिग्रॅम आहे, त्याच्या रक्तात सकाळी सातच्या पाळीला निघताना ४० ते ५० राहू शकते. तो झोपून उठलेला असतो, दात घासलेले असतात, देवाला नमस्कार केलेला असतो; आणि कायद्याच्या व यंत्राच्या दृष्टीने तो अजून प्यालेलाच असतो. फाटकावर सकाळी सापडणारे चालक बहुधा या प्रकारचे असत, आणि त्यांचे आश्चर्य खरे असे.

आता जे सांगावयाचे आहे ते सांगताना हात थोडा अडखळतो. आमच्या सोसायटीतील एक मुलगा, रसायनशास्त्राचा पदवीधर, नंदेसरीतच दुसऱ्या एका कारखान्यात लागला होता. घर अत्यंत सात्त्विक. वडील संध्याकाळी विष्णुसहस्रनाम म्हणणारे. २०११ च्या डिसेंबरात मित्राचे लग्न ठरले म्हणून चौघे जण महीकाठच्या एका शेतावर जमले. मध्यरात्रीनंतर हा मोटारसायकलवरून एकटाच बडोद्याकडे निघाला, कारण सकाळी पाळी होती. महामार्गाच्या कडेला दिवे न लावता उभ्या असलेल्या एका ट्रेलरच्या मागे तो जाऊन आदळला. शिरस्त्राण आरशाला अडकवलेले होते.

मागून आलेल्या मित्रांनी त्याला रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी विचारले, "याने दारू घेतली आहे का?" तिघांनी एकमेकांकडे पाहिले आणि सांगितले, "नाही." डॉक्टरांनी तो प्रश्न पोलिसांसाठी विचारला नव्हता. अर्धवट शुद्धीतला माणूस डोक्याच्या मारामुळे तसा आहे की नशेमुळे, हे त्यांना ठरवावयाचे होते. भूल द्यावयाची तर त्यासाठीही हवे होते. ते अनुभवी होते. त्या उत्तरावर विसंबून न राहता त्यांनी सर्व तपासण्या केल्या, आणि मुलगा वाचला. मात्र उजव्या हातात पूर्वीचे बळ आले नाही, आणि बोलताना शब्द आठवावा लागतो तो आजतागायत. कारखान्याच्या उंच शिड्यांवर चढणे संपले. अपघात विम्याचा अर्ज करावा की नाही यावर त्याचे वडील कित्येक रात्री जागले. दारूच्या अमलाखालील अपघात अशा पॉलिसीत सहसा वगळलेले असतात, आणि अर्ज केला तर रुग्णालयाचे कागद जोडावे लागले असते. शेवटी त्यांनी अर्ज केला नाही.

पुष्कळ दिवसांनी तो मुलगा एकदा आमच्याकडे आला असता आपणहून म्हणाला, "काका, त्या रात्री मी किल्ली मागितली आणि त्यांनी दिली. वाईट म्हणून नाही दिली. मी तिथे राहिलो असतो तर घरी फोन करावा लागला असता, आणि फोनवर कारण सांगावे लागले असते. ते कारण आमच्यापैकी कुणालाच सांगता येत नव्हते."

त्याची आई त्या वेळी आमच्या घरातच बसली होती. वहिनी क्षणभर काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "केला असतास फोन तर मी रागावले असते रे. खूप रागावले असते. पण रागावून झाल्यावर 'तिथेच नीज, सकाळी ये' एवढे म्हणायला मला कायदा आडवा आला असता का?"

आम्ही या वाक्यावर फार विचार केला आहे. दारूबंदीच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोलता येईल. हे पान त्यासाठी नव्हे. पण बंदीच्या प्रदेशात एक गोष्ट नकळत घडते. पिणे हा गुन्हा आणि घरात पाप, म्हणून ते लपवावयाचे. आणि ते लपवावयाचे म्हणून त्याच्या मागून येणारे वाहन चालविणेही कोणी अडवावयाचे नाही. अडविणाऱ्याला कारण सांगावे लागते ना! महाराष्ट्रात मौन नाही, म्हणून तेथे सारे आलबेल आहे असेही नाही. २०२४ च्या मे महिन्यात पुण्याच्या कल्याणीनगरात दोन तरुण अभियंते एका मोटारीखाली गेले, आणि त्यानंतर रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला, हे वाचकांनी वाचलेच असेल. तेथेही पुढे झाकाझाकीचाच प्रश्न उभा राहिला. आमच्याच कारेलीबागेत २०२५ च्या होळीच्या रात्री एका भरधाव मोटारीने अनेकांना उडविले आणि एका स्त्रीचा प्राण गेला. प्रकरण न्यायालयात आहे, त्यावर मत देणे आमचे काम नव्हे. मात्र त्या दिवसांत ओट्याओट्यांवर चर्चा होती ती एकच, की त्याने घेतले होते काय, आणि घेतले असेल तर कोणते. वास्तविक १८५ वे कलम दारूइतकेच इतर अमली पदार्थांनाही लागू आहे. पोटातल्या द्रव्याचे नाव बदलल्याने स्टिअरिंगवरचे हात सुधारत नाहीत.

कायद्याला मात्र किल्ली देणाऱ्याचा विसर पडलेला नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मोटार वाहन कायद्याचे १८८ वे कलम सांगते की, अशा गुन्ह्याला जो प्रोत्साहन वा साहाय्य देतो तोही त्याच शिक्षेला पात्र होतो. विमा कंपन्यांची दृष्टीही कडक झाली आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, श्वासाची किंवा रक्ताची तपासणी झालेली नसली, तरी इतर पुराव्यांवरून चालक दारूच्या अमलाखाली होता असे दिसल्यास विमा कंपनी वाहनाची भरपाई नाकारू शकते. दुसऱ्या बाजूने, जखमीला रुग्णालयात पोचविणाऱ्याला कायद्याने अभय दिले आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याच्यावर आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. त्या तिघा मित्रांसारख्या मुलांना हे आधीच सांगितलेले असावे. डॉक्टरला खरे सांगितल्याने मित्र वाचतो. खोटे सांगितल्याने कोणीही वाचत नाही.

तेव्हा वाचकहो, विशेषतः ज्या घरांत विशी-तिशीतील मुले-मुली आहेत अशा वाचकांना, आमची एक विनंती आहे. आपण आपल्या मुलांना 'पिऊ नका' असे सांगतोच, सांगत राहावे. पण त्याच दमात दुसरे वाक्यही सांगावे: 'चुकून काही झालेच, तर गाडीला हात लावू नका. रात्री कितीही वाजता फोन करा. जे बोलायचे ते दुसऱ्या दिवशी दुपारी बोलू.' या दुसऱ्या वाक्याने पहिल्याची धार कमी होते, असे काही वडीलधाऱ्यांना वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. आमच्या फाटकावर चालकाला झोपावयास खाट मिळे, म्हणून चालक पिऊ लागले असे आम्ही कधी पाहिले नाही. मात्र खाट होती म्हणून पुष्कळ टँकर रात्री रस्त्यावर गेले नाहीत, हे आम्ही नक्की पाहिले.

घरात बाटली ठेवणे हा येथे गुन्हा आहे, आणि आमच्या घरात ती नाही. पण बाहेरच्या खोलीत एक गादी आणि स्वच्छ चादर नेहमी तयार असते. लग्नसराईत पाहुणे येतात, रात्री उशिरा परततात. कोणाची पावले थोडी जड वाटली तर आमची सौभाग्यवती काही विचारीत नाही. ती फक्त हात पुढे करते, आणि गाडीची किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवर जाते. साडूंना आरंभी हे अपमानास्पद वाटले होते. आता ते स्वतःच किल्ली काढून देतात, आणि सकाळी, म्हणजे न्याहारीनंतर आणि तीही बरीच उशिराची, ती परत मागतात.